रत्नागिरीला जाणाऱ्यांस

दिवाळीची सुट्टी संपून महाविद्यालय पुन्हा भरले, की आमच्या स्टाफरूममध्ये माझे महत्त्व अचानक वाढते. एरवी मराठीच्या प्राध्यापिकेकडे कोणी काही विचारायला येत नाही. फार तर एखाद्या अर्जातला ऱ्हस्व-दीर्घ, नाहीतर लग्नपत्रिकेचा मजकूर. पण नोव्हेंबर उजाडला की वाणिज्य विभागापासून कार्यालयातल्या लिपिकांपर्यंत सगळे येऊन एकच प्रश्न विचारतात : "मॅडम, तुम्ही रत्नागिरीच्या ना? आम्ही जातोय. काय काय बघायचं?" चिंचवडमधल्या आमच्या सोसायटीतही तेच. वर्षानुवर्षे तीच उत्तरे देऊन मी कंटाळले आहे, म्हणून ती एकदा लिहून काढावीत असे ठरवले. लिहायला बसल्यावर मात्र ध्यानात आले, की आपण जे सांगतो त्यापेक्षा जे सांगायचे टाळतो ते अधिक आहे. तेही इथे यावे, असा प्रयत्न आहे.

आधी माझ्या अधिकाराविषयी. माझे माहेर रत्नागिरीचे, मुरुगवाड्यातले. २००३ साली लग्न होऊन चिंचवडला आले. जितकी वर्षे तिथे काढली, जवळपास तितकीच इथे झाली. तेव्हा मी 'स्थानिक' आहे का, याविषयी दोन्ही गावांत दुमत आहे. चिंचवडला मी 'कोकणातल्या मॅडम', आणि रत्नागिरीला उतरले की रिक्षावाला पहिल्यांदा विचारतो, "कुठून आलात? लॉजवर सोडू?" माहेराला पर्यटनस्थळाचा दर्जा मिळाल्यावर माहेरवाशिणीचे काय होते, हा प्रश्न आमच्या स्त्रीसाहित्याच्या अभ्यासक्रमात अद्याप आलेला नाही.

असो. प्रथम प्रवास. पिंपरी-चिंचवडहून रत्नागिरी सुमारे सव्वातीनशे किलोमीटर. सातारा-उंब्रजवरून पाटण, कोयना, कुंभार्ली घाट उतरून चिपळूण, संगमेश्वर, हातखंबा. किंवा कोल्हापूरच्या बाजूने आंबा घाट, साखरपा, पाली. पहिला जवळचा, दुसरा लांबचा. ताम्हिणी घाटातून माणगाव आणि तिथून मुंबई-गोवा महामार्ग हा तिसरा. त्या महामार्गाचे चौपदरीकरण २०११ पासून रेंगाळत आले असल्यामुळे त्याविषयी आश्वासन देण्याचे मी सोडून दिले आहे. वल्लभनगरच्या आगारातून एसटी सुटते. गणपतीत जादा गाड्या असतात, आणि त्यांत चढणारी गर्दी पाहिली की कोकणातला चाकरमानी फक्त गिरगाव-लालबागला राहतो ही समजूत किती जुनी झाली आहे ते कळते. तो आता भोसरीत, निगडीत, चाकणातही राहतो.

प्रवासाविषयी माझी एकच आग्रहाची सूचना आहे, आणि ती खास आमच्या पट्ट्यातल्या लोकांसाठी. दुसरी पाळी संपवून रात्री बाराला गाडी काढू नका. कंपनीतून सुटायचे, घरी येऊन पिशव्या टाकायच्या, पोरांना झोपेतच मागच्या सीटवर ठेवायचे आणि पहाटे घाटात पोचायचे, हा इकडचा रूढ बेत आहे. त्यात एक दिवस वाचतो हे खरे. पण आठ तास उभ्याने काम केलेला माणूस पहाटे साडेचारला कुंभार्लीच्या वळणांवर काय अवस्थेत असतो, हे ज्याचे त्याने पाहावे. आपल्याकडच्या बऱ्याच कारखान्यांना साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते, आणि रत्नागिरीला जाण्याच्या दृष्टीने हे भाग्यच समजावे. बुधवारी रात्री नीट झोपा, गुरुवारी सकाळी निघा, शुक्रवारची एक रजा टाका. शनिवार-रविवारी पुण्या-मुंबईच्या गाड्या समुद्राकडे तोंड करून रांगेत उभ्या असतात, तेव्हा तुम्ही परतीच्या वाटेवर असाल.

केव्हा जावे? नोव्हेंबर ते फेब्रुवारी. नाताळ ते एक जानेवारी एवढा आठवडा वगळून. डिसेंबरात जाणारे निम्मे लोक येताना हापूसची पेटी आणायची असे ठरवून जातात, त्यांना सांगते : डिसेंबरात झाडाला मोहोर असतो. आंबा मार्चच्या अखेरीपासून, खरा भर एप्रिल-मेचा. २०१८ साली हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले, त्यात रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर असे पाच जिल्हे आहेत. तरी दर वर्षी पिंपरीच्या बाजारात कर्नाटकातला आंबा 'रत्नागिरी' म्हणून विकला जातोच. पावसाळ्यात जावे का, असे मला कोणी विचारत नाही, कारण 'बीच बंद' असतात. वर्षाला तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडणारा तो मुलूख पावसातच खरा दिसतो, असे माझे मत आहे. जांभ्या दगडाचे कातळसडे एरवी करपलेले असतात. ते श्रावण-भाद्रपदात फुलांनी झाकले जातात. तेव्हा तिकडे जावे आणि समुद्राकडे दुरूनच पाहावे.

खाण्याविषयी थोडक्यात. मासे खाणाऱ्यांनी खानावळीत शिरल्याबरोबर सुरमईची थाळी मागू नये. आज ताजे काय आले आहे ते विचारावे, आणि बांगडे किंवा सौंदाळे म्हणाले तर नाक मुरडू नये. तिरफळ घातलेले बांगड्याचे तिखले हे सुरमईच्या तुकड्यापेक्षा अधिक रत्नागिरीचे आहे, आणि स्वस्तही. जून-जुलैत यांत्रिक मासेमारी बंद असते. त्या दिवसांत 'ताजी' म्हणून जी मासळी ताटात येते तिचे गोत्र विचारू नये. शाकाहारी मंडळींनी घावन, कुळथाची पिठी, सोलकढी आणि मार्च-एप्रिलात गेलात तर ओल्या काजूगरांची उसळ. उकडीचे मोदक हवे असल्यास आदल्या दिवशी सांगावे. मोदक ऑर्डर दिल्यावर दहा मिनिटांत समोर आले, तर ते कुठून आले याचा विचार करावा.

आता गाव. बहुतेक लोक रत्नागिरीत येत नाहीत, रत्नागिरीवरून गणपतीपुळ्याला जातात. त्यांना मी थोडे अडवते. टिळक आळीतले लोकमान्यांचे जन्मघर, भागोजीशेठ कीर यांनी पैसा उभा करून १९३१ साली बांधलेले पतितपावन मंदिर, किल्ल्यावरचे भगवतीचे देऊळ आणि तिथून खाली दिसणारे मिरकरवाड्याचे बंदर, ही यादी कोणत्याही पुस्तिकेत मिळते. मांडवीच्या किनाऱ्याची वाळू काळी का, हे मात्र पुस्तिकेत नसते. त्या वाळूत लोह आणि टायटॅनियमयुक्त खनिजांचे कण आहेत. आमच्या एका विद्यार्थ्याने वडिलांच्या वर्कशॉपमधले चुंबक नेले होते. ते कोरड्या वाळूत फिरवल्यावर काळ्या कणांची दाढी उगवलेली पाहून सगळी सहल हरखली होती. लोखंडाच्या गावातून आलेल्या मुलांना समुद्राने दिलेली ही ओळख मला फार आवडली.

आणि थिबा राजवाडा. इथे मी माणसांना सक्तीने पाठवते. ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा याला इंग्रजांनी १८८५ च्या अखेरीस मंडालेहून उचलले, आधी मद्रासला आणि १८८६ साली रत्नागिरीला आणून ठेवले. त्याआधी पावशतकापूर्वी आपला शेवटचा मोगल बादशहा त्यांनी रंगूनला नेऊन ठेवला होता. राजांची ही अदलाबदल साम्राज्याला सोयीची वाटली असणार. थिबा तीस वर्षे रत्नागिरीत राहिला. लाल जांभ्याच्या त्या परिसरात, नक्षीच्या अर्धगोल लाकडी खिडक्यांचा जो वाडा आपण पाहतो तो त्याला मिळाला १९१० च्या सुमारास, आणि १९१६ च्या डिसेंबरात तो वारला. म्हणजे ज्या राजवाड्याने तो ओळखला जातो तिथे तो जेमतेम सहा वर्षे राहिला. राणी सुपयालत १९१९ साली ब्रह्मदेशात परतली. थोरली राजकन्या मात्र पुन्हा रत्नागिरीला आली. तिची मुलगी टूटू रत्नागिरीतच वाढली, तिथलीच झाली, मराठी बोलली, कष्टांत जगली आणि तिथेच गेली. राजाची नात. माझ्या लहानपणी ती हयात होती, आणि आम्हा मुलांना त्यात विशेष काही वाटत नसे. अमिताव घोष यांची 'द ग्लास पॅलेस' ही कादंबरी २००० साली आली, तेव्हा मी एम.ए. करीत होते. आपल्या गावाविषयी आपल्याला जे ठाऊक नाही ते बाहेरचा कादंबरीकार सांगतो आहे, हा अनुभव विचित्र होता. २०१२ च्या डिसेंबरात म्यानमारचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन थिबाच्या समाधीवर येऊन गेले. राजवाडा पाहणारे पुष्कळ लोक ही समाधी न पाहताच परततात. वस्तीत आहे, विचारावे लागते. विचारा.

राजवाड्यामागच्या थिबा पॉइंटवरून काजळी नदी भाट्याला समुद्रात मिळताना दिसते. तीस वर्षे दुसऱ्याच्या समुद्राकडे पाहत बसलेल्या माणसाची ही जागा. तिथे आता सेल्फीसाठी रांग असते. मला त्याचे वाईट वाटत नाही. पाहायला तर येतात.

मराठीच्या प्राध्यापिकेने मालगुंड सांगितले नाही तर तो द्रोह ठरेल. गणपतीपुळ्यापासून अगदी जवळ केशवसुतांचे जन्मगाव आहे. १८६६ चा त्यांचा जन्म, आणि १९०५ साली हुबळीला प्लेगने मृत्यू. चाळिशीही पुरी झाली नाही. त्यांचे कौलारू घर जपून ठेवले आहे, कोकण मराठी साहित्य परिषदेने स्मारक उभे केले आहे, त्यांच्या कविता दगडांवर कोरल्या आहेत. दर सहलीला मी मुलांना तिथे नेते. तासाभरात त्यांतली निम्मी मुले अंगणात घसरगुंडी असती तर बरे झाले असते अशा चेहऱ्याने फिरतात. उरलेल्यांपैकी एखादा माजघरातल्या अंधारात जरा थांबतो. एक थांबला तरी बसचे भाडे वसूल झाले असे मी मानते.

इथपर्यंतच्या सूचना कोणीही दिल्या असत्या. ज्या प्रश्नासाठी हे लिहीत आहे तो मला आजवर एकाच विद्यार्थ्याने विचारला. द्वितीय वर्षाचा मुलगा, मूळचा बीडकडचा. वडील चाकणला कंत्राटी कामगार. त्याने समुद्र पाहिलेला नव्हता. राहायचे कुठे, खायचे काय, हे त्याने विचारलेच नाही. म्हणाला, "मॅडम, समुद्रात कुठपर्यंत पाय टेकतात?"

या प्रश्नाचे उत्तर असे, की ते समुद्रालाही ठाऊक नसते. विहिरीला कठडा असतो, नदीला डोह असतो आणि गावातल्या म्हाताऱ्यांना तो डोह माहीत असतो. समुद्रात काल जिथे गुडघाभर पाणी होते तिथे आज वाळू वाहून जाऊन पुरुषभर खळगा पडलेला असू शकतो. गणपतीपुळ्याचा किनारा दिसायला सपाट आणि सोज्वळ आहे, देऊळ अगदी पाण्याला लागून आहे, त्यामुळे देवदर्शन आणि समुद्रस्नान एकाच पुण्यात उरकावे असे वाटते. पण तिथे पाण्यात शिरल्यावर तळ झपकन खाली जातो, आणि परतणाऱ्या लाटेला ओढ जबरदस्त असते. दर वर्षी तिथे माणसे बुडतात. गणपतीपुळ्याच्या वाटेवरचा आरे-वारेचा किनारा तर आता छायाचित्रांमुळे त्याहून प्रसिद्ध झाला आहे. जुलै २०२५ मध्ये, भर पावसाळ्यात, तिथे एकमेकांचे नातलग असलेले चार जण बुडाले.

यात एक गोष्ट आमच्या पट्ट्यातल्या लोकांनी विशेष ध्यानात घ्यायला हवी. मला जी भीती वाटते ती पोहता न येणाऱ्यांची नव्हे. ते बिचारे घोट्यापर्यंत पाण्यात उभे राहून फोटो काढतात आणि परत येतात. भीती वाटते ती विहिरीत सूर मारणाऱ्यांची. पिंपरी-चिंचवड आणि चाकणमध्ये मराठवाड्यातून, विदर्भातून, खानदेशातून आलेली लाखो माणसे आहेत. त्यांतले पुष्कळ जण लहानपणी पाठीला डबा बांधून विहिरीत पोहायला शिकलेले असतात. विहिरीचे पाणी उभे असते. ते माणसाला कुठे नेत नाही. तुम्ही हातपाय मारले की वर येता, कठडा धरला की सुटता. समुद्राचे पाणी आडवे चालते. लाटांनी किनाऱ्यावर आणून टाकलेले पाणी परत जायला वाट शोधते, आणि वाळूच्या दोन उंचवट्यांमधल्या चिंचोळ्या पट्ट्यातून ते वेगाने बाहेर जाते. त्या पट्ट्यात लाटा फुटत नाहीत. पाणी जरा गडद, शांत दिसते. त्यामुळे नवखा माणूस, 'इथे लाटा कमी आहेत' म्हणून, नेमका तिथेच उतरतो. मग ओढ लागली की त्याला आपल्या पोहण्यावर विश्वास असल्यामुळे तो किनाऱ्याच्या दिशेने जीव खाऊन पोहतो, आणि ओढीपुढे कोणाचाच जोर चालत नाही. तो दमतो, आणि दमला की बुडतो. करायचे असते ते उलटे. प्रवाहाशी भांडायचे नाही, तरंगत राहायचे, हात वर करून हाका मारायच्या, आणि पोहता येत असेल तर किनाऱ्याला समांतर, आडवे पोहून त्या पट्ट्याच्या बाहेर पडायचे. पट्टा फार रुंद नसतो. बाहेर पडलात की तीच लाट तुम्हाला किनाऱ्याकडे आणते. आणि काठावरच्या माणसाने पाण्यात उडी घ्यायची नाही. दोरी, ट्यूब, रिकामा प्लास्टिकचा कॅन, जे तरंगेल ते फेकायचे, कोळ्यांना हाक मारायची, ११२ ला फोन करायचा. एकाला वाचवायला दुसरा, दुसऱ्याला वाचवायला तिसरा, असेच एका घरातले तीन-तीन जण जातात.

१ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूड-जंजिऱ्याच्या किनाऱ्यावर पुण्यातल्या एका महाविद्यालयाच्या सहलीतले डझनाहून अधिक विद्यार्थी बुडाले. त्या संध्याकाळी महाराष्ट्रातल्या ज्या ज्या प्राध्यापकाने कधी सहल नेली असेल त्याने मनातल्या मनात आपली मुले मोजली असतील. मी मोजली. त्यानंतर आमच्याकडे परवानगीचे कागद वाढले, पालकांची हमीपत्रे आली, आणि समुद्रकिनारी सहल नकोच असा एक मतप्रवाह तयार झाला. मला तो पटला नाही, अजूनही पटत नाही. आम्ही नेले नाही म्हणून मुले जायची थांबत नाहीत. ती पुढे मोटारसायकलींवर, चौघे-चौघे, कोणाला न विचारता जातात. तेव्हा त्यांच्याबरोबर कोणी नसते.

गेल्या मे महिन्यात एका दुपारी माझ्या भाच्याचा फोन आला. तो एरवी दुपारी फोन करीत नाही. आवाज बसलेला. "आत्या, तुमच्याकडची गाडी होती. एमएच चौदा." दोघे पाण्यात ओढले गेले होते. हा आणि दोन कोळी मिळून होडी घेऊन गेले. एक हाताला लागला. दुसरा संध्याकाळी, पलीकडच्या खडकांपाशी. जो वाचला तो शुद्धीवर आल्यावर पुन्हा पुन्हा एवढेच सांगत होता, की त्याला पोहायला येत होते, गावाकडे तो सगळ्यांना पोहायला शिकवायचा. मी फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन उगीच नळ सोडून उभी राहिले.

हा भाचा आयटीआय करून दोन वर्षे चाकणला एका कारखान्यात ट्रेनी होता. आमच्याकडेच राहायचा. २०२० च्या टाळेबंदीत घरी गेला तो परतला नाही. दादा आणि वहिनीने घरातल्या दोन खोल्या पाहुण्यांसाठी काढल्या, त्याने बाकीचा व्याप सांभाळला. फावल्या वेळात तो गळ्यात शिट्टी अडकवून किनाऱ्यावर बसतो. त्याला कोणी नेमलेले नाही, पगार नाही. पर्यटक त्याला विचारतात, "तू कोण रे सांगणारा?" तो सांगतो, "मी इथलाच."

इथे मला तो दुसरा विषय काढायला हवा, जो टाळला जातो. रत्नागिरीच्या आसपास दोन जागा मी कोणालाही सांगत नाही. एक छोटी पुळण आहे, एक कातळसडा आहे. सड्यावर आदिम माणसाने कोरलेली चित्रे आहेत. उक्षी आणि कशेळीची कातळशिल्पे आता प्रसिद्ध आहेत, २०२२ साली कोकणातल्या कातळशिल्पांचा युनेस्कोच्या प्राथमिक यादीत समावेशही झाला. तिथे अवश्य जा, सकाळी किंवा उतरत्या उन्हात जा म्हणजे रेषा उठून दिसतात, आणि कोरलेल्या भागावर पाय ठेवू नका. पण माझा सडा मी सांगणार नाही. आरे-वारेचा रस्ता होण्याआधी तो किनारा कसा होता हे मला आठवते. आता हिवाळ्यात तिथे चारचाकी गाड्या थेट वाळूत उतरवतात. (ज्यांनी चाकणला त्या गाड्या जोडल्या त्यांना तरी ठाऊक असावे, की त्या वाळूत रुततात आणि भरती कोणासाठी थांबत नाही.) त्याच महिन्यांत गावखडीसारख्या किनाऱ्यांवर रात्री कासवे अंडी घालायला येतात.

हे सगळे मी एकदा वहिनीला तावातावाने सांगितले. ती घावन उलटत होती. म्हणाली, "तू इथे असतीस तर असं म्हटलं नसतंस हो. रस्ता झाला, पाव्हणे आले, म्हणून माझा मुलगा घरात जेवतोय. नाहीतर तुझ्याकडे कॉटवर झोपून दुसऱ्या पाळीला गेला असता." मग थोड्या वेळाने, "तुला तुझी पुळण ठेव. मला माझ्या खोल्या भरायच्या आहेत."

यावर मला उत्तर सुचले नाही. आजही नाही. मी पुळण सांगत नाही, पण वहिनीच्या खोल्यांचा पत्ता देते. हे दोन्ही एकत्र बसत नाही हे मला दिसते. मुरुगवाड्याच्या पुढे पांढऱ्या समुद्रापाशी लाटांनी किनारा इतका खाल्ला, की मोठमोठे दगड टाकून बंधारा घालावा लागला. जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात 'बसरा स्टार' नावाचे एक जहाज वाहत येऊन तिथे अडकले आणि वर्षानुवर्षे तिथेच गंजत राहिले, तेव्हा ते पाहायलाही लोक आले. वहिनीच्या दोन्ही खोल्या त्या महिन्यांत भरलेल्या होत्या.

शेवटची सूचना माझ्या वडिलांची. भरती-ओहोटीची कोष्टके आता मोबाईलवर मिळतात, पण किनाऱ्यावर नेमकी रेंज नसते. त्यावर कोळ्यांचा जुना हिशेब असा : त्या दिवशीची तिथी घ्या आणि तिची पाऊणपट करा. जो आकडा येईल तितक्या वाजता पूर्ण भरती. पक्ष कोणताही असो. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास भरती आणि बाराच्या सुमारास ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा, आणि त्या दिवसांत उधाण, म्हणजे पाणी सर्वांत जास्त चढते आणि सर्वांत जोरात उतरते. अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे चढ-उतार कमी. वेळ थोडी इकडेतिकडे होते, पण ढोबळ अंदाज येतो. भरती उतरू लागली की पाण्याबाहेर यावे, उधाणाच्या दिवशी पाण्यात जाऊच नये, आणि समुद्राकडे पाठ करून उभे राहू नये. फोटो काढतानाही.

यंदाच्या सहलीआधी मी वर्गात हा हिशेब फळ्यावर मांडला. विषय 'साहित्य आणि प्रदेश' होता, त्यामुळे कोणाची हरकत येण्याचे कारण नव्हते. आम्ही गणपतीपुळ्याला पोचणार तो दिवस कोणत्या तिथीचा, असे विचारले, तर कोणालाच सांगता येईना. एकीने मोबाईलवर पंचांग शोधून नवमी सांगितली. बीडच्या मुलाने वहीच्या मागच्या पानावर गुणाकार केला. "पावणेसात, मॅडम. म्हणजे ओहोटी एकला. आपली बस चारला पोचणार. पाणी चढतं असेल." मग जरा थांबून त्याने विचारले, "चढत्या पाण्यात गुडघ्यापर्यंत चालेल?"

मी म्हटले, भाचा शिट्टी घेऊन उभा असेल, तो जिथे हात दाखवील तिथपर्यंत.